चांगला चालणारा संगणक टाकून का द्यायचा? विंडोज १० चा सपोर्ट संपल्यानंतर

शाईदौत

आमच्या भागातल्या सार्वजनिक वाचनालयाचं संगणकाचं काम मी आवडीनं बघते. तिथे पाच डेस्कटॉप आहेत, सगळे इंटेलच्या सहाव्या पिढीचे आय-फाइव्ह. देणगीतून त्यांना एसएसडी बसवली, रॅम आठ जीबी केली, तेव्हापासून एकही मशीन कुरकुरत नाही. पुस्तकांची सूची, सभासदांची नोंद, स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांचे ऑनलाइन अर्ज, सगळं त्यांच्यावरच चालतं. विंडोज ११ ची पात्रता तपासणारं ॲप चालवलं तर मात्र पाचांवर एकच उत्तर येतं, की हा पीसी सध्या अटी पूर्ण करत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा मोफत सपोर्ट थांबवला. संगणक चालू राहतो, पण सुरक्षेतली भोकं बुजवणारे पॅच येत नाहीत. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या ठेवायची सोय) हवं, सिक्युअर बूट (संगणक सुरू होतानाची तपासणी) हवं आणि प्रोसेसर साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा किंवा एएमडी रायझन २००० मालिकेपासून पुढचा हवा. म्हणजे २०१७ पर्यंत घेतलेले जवळजवळ सगळे संगणक यादीबाहेर. ते बिघडलेत म्हणून नाही, यादीत त्यांचं नाव नाही म्हणून.

२०१५ साली विंडोज १० आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टच्याच जेरी निक्सन यांनी एका परिषदेत हे विंडोजचं शेवटचं व्हर्जन असल्याचं सांगितलं होतं. यापुढे नवं विंडोज विकत घ्यावं लागणार नाही, आहे तेच सुधारत राहील, असाच अर्थ सगळ्यांनी घेतला. सहा वर्षांनी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, विंडोज ११ आलं.

कॅनालिस या बाजारपेठेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेनं डिसेंबर २०२३ मध्ये अंदाज मांडला होता की या निर्णयामुळे जगभरातले सुमारे २४ कोटी पीसी भंगारात जाऊ शकतात. यातले किती आपल्याकडे उतरतील आणि ते उघड्यावर जाळून त्यातलं तांबं कोणाच्या हातांनी निघेल, हे वेगळं सांगायला नको.

एक वर्षाची मुदतवाढ आहे, ईएसयू नावाची, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यासाठी ३० डॉलर भरायचे, किंवा मायक्रोसॉफ्टचे १००० रिवॉर्ड पॉइंट द्यायचे, किंवा आपली सेटिंग्ज त्यांच्या वनड्राइव्हवर सिंक करू द्यायची. तिन्ही वाटांना मायक्रोसॉफ्टचं अकाउंट लागतंच. युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या ग्राहकांना मात्र ही मुदतवाढ मोफत आहे आणि बॅकअपची अट नाही, कारण तिथल्या ग्राहक संघटना भांडल्या. तेच सॉफ्टवेअर, तेच पॅच. मग नाशिकच्या ग्राहकाला वेगळी अट का?

माझं म्हणणं एवढंच आहे: यंत्र कधी टाकायचं हे त्याच्या मालकानं ठरवावं. नवीन सोयी देऊ नका, चालेल. पण विकलेल्या वस्तूतली भोकं बुजवायची जबाबदारी ती वस्तू सर्रास वापरात आहे तोवर विकणाऱ्याचीच. तुम्हा सगळ्यांचं काय मत आहे, आणि तुम्ही तुमच्या मशीनचं काय केलंत, ते दोन्ही लिहा.

बारीक_नजर

मी पुण्यात माहिती-सुरक्षेत काम करतो, म्हणून आधी दुसरी बाजू मांडतो.

टीपीएम ही थोतांड गोष्ट नाही. ती मदरबोर्डवरची एक छोटी चिप असते, किंवा प्रोसेसरच्या आतच तशी सोय असते. डिस्क एन्क्रिप्ट करायच्या किल्ल्या तिच्यात राहतात आणि बाहेरून वाचता येत नाहीत. लॅपटॉप चोरीला गेला तर डिस्क काढून दुसरीकडे जोडली तरी माहिती हाती लागत नाही. सिक्युअर बूटमुळे विंडोज सुरू होण्याआधीच घुसणाऱ्या व्हायरसला अडवता येतं. हे सगळं नव्या संगणकात असावंच.

पण शाईदौत यांच्या संगणकांची अडचण नुसती टीपीएमची नाही. सहाव्या-सातव्या पिढीच्या बऱ्याच इंटेल मशीनमध्ये बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) जाऊन पीटीटी नावाचा पर्याय चालू केला की टीपीएम २.० मिळतं. तरीही तपासणी नापासच करते, कारण प्रोसेसर मंजूर यादीत नाही. सुरक्षेचा मुद्दा इथे कमकुवत होतो असं माझं स्पष्ट मत आहे. यादीबाहेरच्या संगणकाला विंडोज ११ पुरेसं सुरक्षित नसेल, तर पॅच नसलेलं विंडोज १० त्याहून कमी सुरक्षित आहे. ग्राहकाला जास्त धोक्याच्या जागी सोडून सुरक्षेचं कारण देणं पटत नाही.

आता सगळ्यांना कळकळीची विनंती. ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ असं म्हणत पॅचशिवाय इंटरनेटवर राहू नका. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय पसरलं ते आठवा. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांच्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या, आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांच्या संगणकांना फटका बसला. त्या भोकावरचा पॅच दोन महिने आधी, मार्चमध्येच आलेला होता. ज्यांनी बसवला नव्हता ते अडकले. एक्सपीचा सपोर्ट २०१४ मध्येच संपला होता, त्याच्यासाठी तर हल्ल्यानंतर तातडीचा पॅच काढावा लागला.

घरगुती वापर असेल तर सेटिंग्जमध्ये अपडेट अँड सिक्युरिटी, त्यात विंडोज अपडेट उघडा. मुदतवाढीसाठी नाव नोंदवायची लिंक तिथेच दिसते. एका अकाउंटवर दहा संगणकांपर्यंत चालतं. ऑक्टोबर २०२६ पर्यंत विचार करायला वेळ मिळेल.

रुफस हे छोटं सॉफ्टवेअर वापरून अटी टाळून विंडोज ११ बसवता येतं, हे मला माहीत आहे. स्वतःच्या प्रयोगाच्या मशीनवर खुशाल करा. वाचनालयात करू नका. अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

हिशोबनीस

धागा चांगला आहे, पण मला मूळ मुद्दा मान्य नाही.

दहा वर्षं मोफत अपडेट मिळाले. २९ जुलै २०१५ ते १४ ऑक्टोबर २०२५. बरेच अँड्रॉइड फोन आत्ताआत्तापर्यंत दोन-तीन वर्षांत वाऱ्यावर सोडले जायचे. सात वर्षांचं वचन पिक्सेल ८ आणि गॅलॅक्सी एस २४ पासून मिळायला लागलं. ॲपलनंही जाहीर केलंय की मॅकओएस टाहो ही इंटेलच्या मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती. कोणतीही कंपनी जुनं सगळं कायम सांभाळू शकत नाही. प्रत्येक जुन्या प्रोसेसरवर चाचणी करायला माणसं लागतात, पैसा लागतो, आणि तो शेवटी ग्राहकाकडूनच येतो.

मी कर सल्लागार आहे. माझ्याकडे टॅली आहे, डिजिटल सहीच्या टोकनचे ड्रायव्हर आहेत, दोन जुने डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहेत. ‘लिनक्स टाका’ (विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) हा सल्ला इथे हमखास येणार, म्हणून आधीच सांगतो: रिटर्न भरायच्या शेवटच्या आठवड्यात टोकन ओळखलं गेलं नाही तर अशिलाला काय सांगू? मी ऑफिसची मशीनं बदलली. खर्च झाला, तो व्यवसायाचा खर्च म्हणून दाखवला, विषय संपला.

वाचनालयाची गोष्ट वेगळी आहे, हे मान्य. पण तत्त्व म्हणून ‘वापरात असेतोवर जबाबदारी’ म्हटलं तर ती कधीच संपणार नाही. एक्सपी आजही कुठे ना कुठे चालू आहेच.

शाईदौत

>> दहा वर्षं मोफत अपडेट मिळाले

हिशोबनीस, ही दहा वर्षं विंडोज १० बाजारात आलं त्या दिवसापासून मोजलेली आहेत. ग्राहकाची वर्षं त्यानं मशीन घेतलं त्या दिवसापासून मोजायला हवीत. मायक्रोसॉफ्ट स्वतःच्या संकेतस्थळावर विंडोज १० चा परवाना ३१ जानेवारी २०२३ पर्यंत विकत होतं. तो शेवटच्या महिन्यात घेणाऱ्याला तीन वर्षंही मिळाली नाहीत. लॉकडाउनमध्ये मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी आपल्याकडे कितीतरी घरांत कंपन्यांनी वापरून विकलेले सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप आले. त्या आईवडिलांच्या हाती पाच वर्षं पडली, आणि लॅपटॉपचे हप्ते नुकते कुठे फिटले होते.

‘कायम’ सांभाळा असं मी म्हटलेलं नाही. ‘सर्रास वापरात’ हे शब्द मुद्दाम घातलेत. एक्सपी आज कोणी सर्रास वापरत नाही. विंडोज १० तर सपोर्ट संपला त्या दिवशीही कोट्यवधी घरांत होतं. आणि पॅच बनवायला माणसं नाहीत असंही नाही. पॅच बनतच आहेत. मोठ्या कंपन्यांना ते तीन वर्षं मिळणार आहेत, पहिल्या वर्षी प्रत्येक मशीनला ६१ डॉलर, पुढे दर वर्षी दुप्पट. काम होणारच आहे, फक्त ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्यासाठी दार बंद.

नवं घ्यावं म्हटलं तर वेळही वाईट आहे. एआयच्या डेटा सेंटरनी मेमरी चिपचा साठा ओढून घेतल्यामुळे रॅम महागली. मायक्रॉननं डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करणार. आमच्या मशीनमध्ये आज असलेली रॅम देणगीदारानं घेतली त्या भावात आता मिळणार नाही.

जुळारी

नमस्कार मंडळी. इचलकरंजीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल, एक साप्ताहिक. विंडोज १० संपलं म्हणून तुमची तारांबळ उडालीय. आमच्या धंद्यातली मशीनं एक्सपी आणि विंडोज ७ वरच थांबलेली आहेत. ती का थांबली हे सांगितलं पाहिजे, कारण मराठी माणसाचा प्रश्न तिथे आहे.

पेजमेकर ७ हे पानांची मांडणी करायचं २००१ चं सॉफ्टवेअर. अडोबीनं त्यानंतर पेजमेकर सोडून दिलं आणि इनडिझाइन पुढे आणलं. २०१३ पासून अडोबीनं इनडिझाइनची नवी आवृत्ती एकरकमी विकणंच बंद केलं, दर महिन्याला पैसे भरा. एक पत्रिका छापून जे सुटतं त्यात ते बसत नाही. म्हणून दुकानदार जुन्याला चिकटून राहिला.

पण खरी गाठ फॉन्टची आहे. आमचं सगळं जुनं काम युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारी पद्धत) आधीच्या फॉन्टमध्ये आहे. हे फॉन्ट कसे चालतात ते बघा. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ टंकलं की फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी ई, जे, के, बी, एच ही अक्षरं साठतात. त्यातलं बी मोठ्या लिपीतलं. ई च्या जागी म चं चित्र, जे च्या जागी र चं चित्र, एवढंच फॉन्ट करतो. संगणकाला ते मराठी आहे हे ठाऊकच नसतं. फॉन्ट असलेलं मशीन बंद पडलं की फाइल उघडते, पण समोर इंग्रजी अक्षरांचा रगडा. श्रीलिपीचं कोष्टक वेगळं, शिवाजीचं वेगळं, सीडॅकच्या आयएसएमचं आणखी वेगळं. त्यात काही पॅकेजना डोंगल, म्हणजे संगणकाला जोडल्याशिवाय सॉफ्टवेअर चालणार नाही अशी छोटी किल्ली, लागायचं. जुनं डोंगल प्रिंटरच्या लांब पोर्टात बसायचं, आणि तो पोर्ट आताच्या मदरबोर्डवर नसतो.

माझ्या कपाटात वीस वर्षांच्या फाइली आहेत. त्यात गावच्या संस्थांच्या स्मरणिका आहेत, दिवाळी अंक आहेत, एका शिक्षकांनी गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. छापील प्रत हरवली तर ही फाइल हाच एक पुरावा. मशीनचं आयुष्य कंपनीनं ठरवावं का, हा तुमचा वाद बरोबर आहे. पण मशीनबरोबर त्यातलं लिखाणही मरतं, हे मला तुमच्यापेक्षा जास्त लागतं.

म्हणून आम्ही काय केलं ते सांगतो. जुनं मशीन इंटरनेटवरून कायमचं काढलं. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह त्याला लावत नाही, आधी दुसऱ्या मशीनवर तपासतो. एकेक फाइल कन्व्हर्टरमधून काढून युनिकोड करतो. कन्व्हर्टर आपोआप सगळं नीट करत नाही. रफार चुकतो, पहिली वेलांटी पुढच्या अक्षरावर जाते, ‘ऱ्या’ फुटतो. वाचून हातानं दुरुस्त करावं लागतं. नवं काम स्क्रायबस १.६ या पानमांडणीच्या मोफत सॉफ्टवेअरवर सुरू केलंय. त्यात देवनागरी जोडाक्षरं नीट बसतात, आधीच्या स्थिर आवृत्तीत बसत नव्हती. मुक्ता आणि बालू हे फॉन्ट फुकट आहेत आणि छपाईत चांगले दिसतात.

पिक्सेलपाखरू

जुळारीकाका, तुमचा प्रतिसाद जपून ठेवतेय. मी कॉलेजला आहे, आमच्या पिढीला असे फॉन्ट होते हे माहीतसुद्धा नाही.

मला वेगळं काहीतरी खटकतं. विंडोज ११ मोफत मिळालं आणि चाललंही, तरी मला ते नको आहे. माझा लॅपटॉप पात्र आहे, पण त्यात मी मागितलेल्या गोष्टी कमी आणि लादलेल्या जास्त. जानेवारी २०२४ मध्ये कीबोर्डवर कोपायलट या त्यांच्या एआय मदतनिसाची कळ आणली. मे २०२४ मध्ये रिकॉल जाहीर केलं, म्हणजे पडद्यावर जे दिसेल त्याचे सतत फोटो काढून साठवायचे. सुरक्षा तज्ज्ञांनी दाखवून दिलं की ती साठवण सहज वाचता येते, तेव्हा ते पुढे ढकललं आणि वापरणाऱ्यानं चालू केलं तरच चालेल असं केलं. २०२५ मध्ये चाचणीच्या आवृत्त्यांमधून अकाउंटशिवाय विंडोज बसवायच्या आडवाटा एकेक करून बुजवल्या. नोव्हेंबरमध्ये विंडोजचे प्रमुख पवन दावुलुरी यांनी लिहिलं की विंडोज आता ‘एजंटिक’, म्हणजे एआयनं आपल्या वतीनं कामं करणारं, होत चाललंय. खाली लोकांचा एवढा राग उसळला की प्रतिसाद बंद करावे लागले.

हा राग मला समजतो. हे सगळं कोणी मागितलं होतं? व्हॉट्सॲपमधलं मेटा एआयचं निळं वर्तुळ काढून टाकायची सोय नाही. माझ्या आजीचं बोट त्याच्यावर पडतं आणि ती घाबरते, आपण कोणाला तरी निरोप पाठवला म्हणून.

ऑस्ट्रेलियात तर सरकारी ग्राहक आयोगानं ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये कोपायलट घालून किंमत वाढवली, पण कोपायलट नसलेला जुन्या किमतीचा प्लॅन अजून मिळतो हे ग्राहकांना नीट सांगितलं नाही, असा आरोप आहे. तो प्लॅन रद्द करण्याच्या वाटेवर आत गेल्याशिवाय दिसतच नव्हता. आयोगाच्या म्हणण्यानुसार २७ लाख ग्राहकांचा हा प्रश्न. पुढे मायक्रोसॉफ्टनं माफी मागितली आणि पैसे परत द्यायची तयारी दाखवली.

म्हणून मला शाईदौतताईंच्या मागणीत एक भर घालायची आहे. आपलं यंत्र कधी टाकायचं हे जसं आपण ठरवायचं, तसं त्यात काय घालायचं हेही आपण ठरवायचं. ‘नंतर विचारा’ नको. ‘नाही’ असं बटण हवं आणि ते कायम ‘नाही’ राहायला हवं.

संगणकमास्तर

बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. पिक्सेलपाखरू, तुझी भर एकदम रास्त आहे.

मला वाटतं आपण इतके अडकलो याचं मूळ शिकवण्यात आहे. २००१ नंतर एमएस-सीआयटीनं खेड्यापाड्यांत संगणक पोचवला. ते फार मोठं काम होतं, माझ्या गावातल्या कितीतरी मुलींना त्या प्रमाणपत्रावर नोकऱ्या लागल्या. पण त्यातून डोक्यात बसलं ते असं की संगणक म्हणजे विंडोज, पत्र लिहिणं म्हणजे वर्ड आणि तक्ता म्हणजे एक्सेल. स्टार्टचं बटण दुसरीकडे गेलं की माणूस गोंधळतो, कारण त्याला बटणाची जागा शिकवली, काम शिकवलं नाही.

केरळनं वेगळी वाट धरली. तिथे आयटी ॲट स्कूल हा प्रकल्प २००१ च्या सुमारास सुरू झाला, त्याचं आता काइट झालंय. सरकारी शाळांतले संगणक मुक्त, म्हणजे कोणीही वापरावं-बदलावं अशा, सॉफ्टवेअरवर चालतात, शिक्षकांना त्याचंच प्रशिक्षण मिळतं, परीक्षाही त्यावरच होते. मायक्रोसॉफ्टनं कोणत्या तारखेला काय बंद केलं यानं तिथल्या वर्गाचं काही अडत नाही. ‘आपल्या लोकांना लिनक्स जमणार नाही’ असं मला कोणी म्हणालं की मी केरळच्या शाळा दाखवतो.

मराठी टायपिंगचंही तेच. इन्स्क्रिप्ट हा भारतीय मानक कीबोर्ड आहे. विंडोज, लिनक्स, मॅक, फोन, सगळीकडे ‘क’ त्याच कळीवर. आमच्या शाळेत मी पहिल्यापासून तोच शिकवतो. सुरुवातीला मुलं कंटाळतात, मग हात बसला की इंग्रजीपेक्षा भरभर टंकतात. डाव्या हाताला स्वर, उजव्याला व्यंजनं, दोन दुपारी पुरतात समजायला. फोनेटिकही चालेल, फक्त ते एखाद्याच कंपनीच्या ॲपवर अवलंबून नको. ॲप गेलं की मराठी गेली असं व्हायला नको.

आमची सगळी जुनी मशीनं आता लिनक्स मिंट या लिनक्सच्याच एका प्रकारावर आहेत. त्यात जीकॉम्प्री, टक्स पेंट, जिओजेब्रा ही मुलांची सॉफ्टवेअरं. चौथीच्या पोरांनी एकदाही विचारलं नाही की विंडोज कुठे गेलं.

एल्बेकाठी

मी उत्तर जर्मनीत, श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यात राहतो. इथे हा प्रश्न सरकारनंच हातात घेतलाय म्हणून लिहितो.

एप्रिल २०२४ मध्ये राज्य सरकारनं जाहीर केलं की प्रशासनातले सुमारे ३०,००० संगणक मायक्रोसॉफ्ट ऑफिसवरून लिब्रेऑफिस या मुक्त पर्यायावर जाणार, आणि पुढे विंडोजच्या जागी लिनक्स. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईमेलचा टप्पा पूर्ण झाला. ४०,००० हून अधिक मेलबॉक्स मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज आणि आउटलुकवरून ओपन-एक्सचेंज आणि थंडरबर्ड या मुक्त सॉफ्टवेअरवर आले. आतून सगळं गुळगुळीत नव्हतं. न्यायालयांतल्या लोकांनी, पोलिसांनी टपाल वेळेवर मिळत नसल्याच्या तक्रारी केल्या आणि त्या वर्तमानपत्रांत आल्या. पण सरकार मागे हटलं नाही. त्यांचा मुद्दा पैशांच्या आधी ताब्याचा आहे: राज्याची कागदपत्रं कोणाच्या मर्जीवर उघडतात?

म्युनिकची आठवण इथे प्रत्येक चर्चेत निघते. त्या शहरानं २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, हजारो संगणक बदलले, आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परत जायचं ठरवलं. महापौर बदलले, कर्मचारी कंटाळले, बाहेरच्या कार्यालयांच्या वर्ड फाइली नीट उघडेनात. तंत्र जमलं तरी आजूबाजूचे सगळे जुन्याच जागी असतील तर एकट्याला टिकणं अवघड जातं. हिशोबनीसांचं टोकन हा तोच प्रकार आहे. म्हणून त्यांच्या अडचणीला ‘सवयीचा प्रश्न’ म्हणून उडवून लावू नये. सरकारी पोर्टलांनी कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टीमवर नीट चालायला हवं, ही मागणी आपण धरली पाहिजे. ती लिनक्सवाल्यांसाठीच नाही, उद्या हिशोबनीसांनाही मोकळं करेल.

मुदतवाढीबद्दल: युरोपात ती फुकट मिळाली यामागे युरोकन्झ्युमर्ससारख्या संघटनांनी सप्टेंबर २०२५ पर्यंत लावून धरलेला पाठपुरावा आहे. अकाउंटनं लॉगिन मात्र आम्हालाही करावं लागतं, आणि ६० दिवस ते केलं नाही तर अपडेट थांबतात. ग्राहक पंचायतीची परंपरा असलेल्या महाराष्ट्रातून अशी मागणी का उठू नये?

हिशोबनीस

>> सरकारी पोर्टलांनी कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टीमवर नीट चालायला हवं

यावर माझी सही घ्या. टोकनची कटकट विंडोजवरही कमी नाही. ब्राउझर अपडेट झाला की सहीचं सॉफ्टवेअर रुसतं, आणि ते नेमकं शेवटच्या तारखेला. माझं मत कायम आहे की कंपनीला थांबायचा अधिकार आहे. पण परवाना २०२३ पर्यंत विकत होते हा शाईदौत यांचा मुद्दा वजनदार आहे. विक्री थांबल्यापासून निदान पाच वर्षं पॅच, असा कायदा आला तर मी विरोध करणार नाही. गाडी बंद झाल्यावर स्पेअर पार्ट काही वर्षं मिळतात, तसंच.

शाईदौत

विक्री थांबल्यापासून पाच वर्षं, ही अट मला आवडली. माझ्या मोघम मागणीपेक्षा ती मांडायला सोपी आहे. एल्बेकाठी, ग्राहक पंचायतीच्या आमच्या इथल्या कार्यकर्त्यांशी बोलते. मसुदा करायला हिशोबनीस, तुमची मदत लागेल.

वाचनालयाचं असं ठरतंय: वाचकांसाठीच्या चार मशीनवर लिनक्स मिंट, पाचव्यावर तूर्त विंडोज १०. तिथे सूचीचं सॉफ्टवेअर आहे आणि ते फक्त विंडोजवर चालतं. बारीक_नजर, आमचा प्रिंटर जुना लेझर आहे, तो चालेल का? अजून एक, कोपऱ्यात चार जीबी रॅमचा एक लॅपटॉप पडून आहे, त्याचं काय करू? आणि जुळारीकाका, आमच्या जुन्या ग्रंथसूचीच्या काही फाइली उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा रगडाच दिसतो.

बारीक_नजर

आधी काहीही पुसू नका. मिंटचा पेनड्राइव्ह बनवा आणि त्यावरूनच मशीन सुरू करा. डिस्कला हात न लावता पूर्ण मिंट समोर येतं. तिथेच प्रिंटर जोडून एक पान छापून बघा, वायफाय आणि आवाज तपासा, आयबसमध्ये (लिनक्सवरची भाषा निवडायची सोय) मराठी इन्स्क्रिप्ट घालून दोन ओळी टंका. पान नीट आलं तरच बसवायला घ्या. लेझर प्रिंटर बहुतेक चालतात. अडलाच तर मॉडेल नंबर इथे लिहा.

आठ जीबीच्या मशीनवर मिंटची सिनामन आवृत्ती घ्या, चार जीबीच्या लॅपटॉपवर एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. वाचकांच्या मशीनवर प्रशासकाचा पासवर्ड वेगळा ठेवा आणि वाचकांना साधं खातं द्या.

पाचव्या मशीनचं इंटरनेट तोडा. सूचीला नेट लागत नसेल तर केबलच काढून ठेवा. आणि सूचीचा डेटा सीएसव्हीमध्ये (कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडणारा साधा तक्ता) बाहेर काढता येतो का ते आजच बघा. तो निघाला की ते सॉफ्टवेअर बदलायला तुम्ही मोकळ्या, कोहा हे ग्रंथालयाचं मुक्त सॉफ्टवेअर आहेच.

जुळारी

शाईदौतताई, फाइलीतली पहिली दहा ओळींची प्रत इथे चिकटवा, सभासदांची नावं असतील तर ती वगळून. अक्षरं बघून फॉन्ट कोणता ते ओळखता येतं. कृतिदेव किंवा शिवाजी असेल तर कोष्टक माझ्याकडे तयार आहे, फाइली पाठवा, करून देतो. श्रीलिपी असेल तर आधी आवृत्ती शोधावी लागेल, थोडा वेळ जाईल. मूळ फाइली मात्र तशाच दुसऱ्या डिस्कवर ठेवा, युनिकोड झाल्यावरसुद्धा पुसू नका. ताळा मूळ प्रतीशीच करावा लागतो.